मेकाँगकाठच्या राजधान्या बघताना पायाखाली बघा

लाओसचा नकाशा समोर घ्या आणि राजधानी कुठे असेल याचा अंदाज बांधा. बहुतेक जण देशाच्या मधोमध कुठेतरी बोट ठेवतात. व्हिएन्तियान मात्र पार कडेला आहे, ओट्याच्या टोकाशी ठेवलेल्या पातेल्यासारखं. संध्याकाळी तिथल्या नदीकाठी उभं राहिलं की समोर लुकलुकणारे दिवे थायलंडचे असतात. मधे फक्त मेकाँग नदी, आणि मार्च-एप्रिलमध्ये तिचाही मोठा भाग आटून वाळूचं पटांगण झालेला असतो.

आपल्या राजधानीचं दार शेजाऱ्याच्या अंगणात उघडेल असं शहर कुठला राजा वसवेल? व्हिएन्तियान वसवणाऱ्यानंही तसं केलं नव्हतं. सेत्थाथिरात राजानं १५६० च्या दशकात लुआंग प्राबांगहून दरबार इथे हलवला, तेव्हा नदीचे दोन्ही काठ त्याच्याच राज्यात होते. शहर काठावर होतं, पण राज्याच्या मधोमध. सीमा सव्वातीनशे वर्षांनी आली, आणि ती फ्रेंचांनी आणली.

इंडोचायनातल्या नदीकाठच्या राजधान्या बघायला जाणाऱ्यांना पर्यटनाची पत्रकं सांगतात ते असं: पिवळ्या भिंती, हिरव्या झडपा, गुलमोहर, क्रोसाँ आणि कॉफी. पाँडिचेरी पाहिलेल्या माणसाला हे चित्र डोळे मिटूनही दिसतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. लाओसचं व्हिएन्तियान, कंबोडियाचं नॉम पेन आणि व्हिएतनामचं हनोई या तीन शहरांत फ्रेंचांनी मागे ठेवलेलं सगळ्यात मोठं काम भिंतींवर दिसत नाही, ते जमिनीत आहे. नदीत ओढलेली रेघ, दलदलीवर टाकलेला भराव, बांधावरून नेलेला रस्ता, बुजवलेला कालवा. आणि गंमत म्हणजे डोळ्यांना जे जे फ्रेंच वाटतं, त्यातलं बरंचसं फ्रेंच गेल्यावर उभं राहिलेलं आहे.

नदीनं नकार दिला

सुरुवात चीनपासून करावी लागते. १८५९ मध्ये फ्रेंचांनी सायगॉन घेतलं. १८६३ मध्ये कंबोडियाच्या नोरोदोम राजानं त्यांचं संरक्षण स्वीकारलं. एका बाजूला सयाम, म्हणजे आजचं थायलंड, आणि दुसऱ्या बाजूला व्हिएतनाम असा चिमट्यात सापडलेला तो राजा होता, त्याच्यापुढे फारसे पर्याय नव्हते. फ्रेंचांच्या मनात मात्र कंबोडियापेक्षा चीन जास्त होता. हाँगकाँग आणि शांघायमध्ये इंग्रज आधीच बस्तान मांडून बसले होते. मग मागच्या दारानं, मेकाँगमधून बोटी वर नेऊन थेट चीनच्या नैऋत्येकडच्या युनान प्रांताच्या बाजारपेठेत पोचलो तर?

हे तपासायला १८६६ च्या जूनमध्ये सायगॉनहून एक मोहीम निघाली. प्रमुख दूदार द लाग्रे, त्याच्या हाताखाली फ्रान्सिस गार्निए. नॉम पेन सोडून थोडं वर गेल्यावर सांबोरचे खळाळ आडवे आले. त्याच्या वर, आजच्या लाओसच्या दक्षिण टोकाला, खोनचा धबधबा. उंचीनं हा धबधबा काही मोठा नाही, पण नदी तिथे असंख्य बेटांत फाटून दहा-एक किलोमीटर रुंदीत खडकांवरून कोसळते. बोट वर नेणं शक्यच नव्हतं. मोहीम पुढे होड्या बदलत, पायी चालत युनानपर्यंत पोचली, लाग्रे तिथेच १८६८ मध्ये मरण पावला, आणि निष्कर्ष निघाला की मेकाँग हा चीनचा रस्ता नव्हे.

फ्रेंचांनी तो निष्कर्ष सहजासहजी मानला नाही, हे विशेष. १८९० च्या दशकात त्यांनी खोनच्या बेटावर चक्क छोटी रेल्वे टाकली आणि तोफा बसवलेल्या बोटी सुट्या करून धबधब्याच्या वर नेल्या. लाओसमधली ती पहिली रेल्वे. दोन बेटांना जोडणारा तिचा पूल अजून उभा आहे, आणि 'डॉन खोन' नावाच्या बेटावर तिची गंजलेली इंजिनं पर्यटक बघतात.

गार्निएनं मात्र दुसरी नदी धरली. युनानहून उतरणारी तांबडी नदी जास्त सोयीची आहे असं त्याच्या लक्षात आलं होतं, आणि ती समुद्राकडे जाताना हनोईवरून जाते. १८७३ मध्ये त्यानं मूठभर माणसं घेऊन हनोईचा किल्ला घेतला आणि महिन्याभरातच तो तिथे मारला गेला. दहा-बारा वर्षांत सगळा उत्तर व्हिएतनाम फ्रेंचांच्या हातात आला. म्हणजे हनोई फ्रेंच होण्याच्या कारणांत मेकाँगचे खडकही आहेत.

रेघ कुठे ओढली

लाग्रेची मोहीम १८६७ मध्ये व्हिएन्तियानला पोचली तेव्हा तिथे शहर नव्हतं. रानात बुडालेल्या पडक्या भिंती होत्या. चाळीस वर्षांपूर्वी व्हिएन्तियानचा राजा चाओ अनुवोंग यानं सयामविरुद्ध बंड केलं होतं. बंड फसलं, आणि १८२७-२८ मध्ये सयामी फौजेनं शहर जाळलं. त्याहून मोठा घाव म्हणजे माणसं उचलली. राहिलेली वस्ती नदी ओलांडून पलीकडे नेऊन वसवण्यात आली. त्या काळात या भागात जमिनीला तोटा नव्हता, तोटा होता तो माणसांचा, त्यामुळे लढाई जिंकणारा आधी माणसं न्यायचा. वाट सी साकेत नावाचा विहार तेवढा वाचला. तो अनुवोंगनंच १८१८ ते १८२४ या काळात बांधून घेतलेला, पण त्याची घडण बँकॉकच्या धाटणीची असल्यामुळे सयामी सैनिकांनी त्याला हात लावला नसावा असं म्हणतात. आत भिंतींच्या कोनाड्यांत हजारो छोट्या बुद्धमूर्ती आहेत. व्हिएन्तियानमध्ये एकच इमारत बघायला वेळ असेल तर ही बघा.

मग १८९३ साल आलं. फ्रेंच युद्धनौका बँकॉकच्या नदीत घुसल्या, आणि ऑक्टोबरमध्ये झालेल्या तहात सयामनं मेकाँगच्या डाव्या काठावरचा हक्क सोडला. कागदावर हे अगदी सोपं वाटतं: नदी ही सीमा, एक काठ तुमचा, एक आमचा. युरोपीय मुत्सद्द्यांना नद्या सीमा म्हणून आवडायच्या, कारण नकाशावर त्या आयत्या आखलेल्या मिळतात. पण मेकाँगकाठच्या माणसासाठी नदी कधी कुंपण नव्हती. ती रस्ता होती, बाजार होती, सोयरिकीची वाट होती. लाओ भाषेत नदीला 'मे नाम' म्हणतात. 'मे' म्हणजे आई, 'नाम' म्हणजे पाणी. त्या आईच्याच दोन हातांवरची भावंडं दोन देशांत गेली. आज लाओ किंवा तिच्या अगदी जवळची बोली बोलणारे लोक लाओस देशात आहेत त्याच्या कितीतरी पट थायलंडच्या ईशान्य भागात आहेत.

पुढे १९२६ च्या करारात आणखी एक बारीक कलम आलं: नदी बेटांमुळे फुटते तिथे सीमा थायलंडकडच्या प्रवाहातून जाईल. परिणामी मेकाँगमधली बहुतेक बेटं लाओसची झाली. काठावर बसून समोरची वाळू कोणाच्या देशात आहे असा प्रश्न पडला, तर उत्तर या कलमात आहे.

फ्रेंचांनी १९०० च्या सुमारास व्हिएन्तियानला कारभाराचं ठाणं केलं. पडक्या तटाच्या आत सरळ रस्ते आखले, नदीला समांतर. त्यांच्या पाट्यांवर अजून लाओ लिपीच्या खाली 'रू सेत्थाथिरात', 'रू सामसेनथाई' असं वाचायला मिळतं. लाओसमध्ये फ्रेंच अधिकारी होते काही शेच. कारकून, मास्तर, कारागीर आणले ते व्हिएतनाममधून. इतके, की १९४० च्या दशकात व्हिएन्तियानच्या लोकसंख्येत व्हिएतनामी लोक निम्म्याहून जास्त होते. तिथल्या गल्लीतला लांबडा पाव फ्रेंच खराच, पण तो भाजून खपवणारे हात बहुतेक वेळा व्हिएतनामी होते.

शहराचं नाव तिथले लोक 'व्यंगचन' असं काहीसं उच्चारतात. 'व्यंग' म्हणजे तटबंदीचं नगर आणि 'चन' म्हणजे चंदन. चंदननगर! फ्रेंचांनी ते आपल्या कानानं लिहून घेतलं आणि जगानं फ्रेंच स्पेलिंगचा इंग्रजी उच्चार केला. आणि बंगालमध्येही फ्रेंचांची एक वसाहत होती, तिचं नाव चंदननगरच. हा निव्वळ योगायोग, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

फ्रेंच काय आणि लाओ काय

आता डोळ्यांच्या फसवणुकीबद्दल. व्हिएन्तियानमध्ये उतरलेला प्रवासी पहिला फोटो काढतो पातूसाय या कमानीचा. पॅरिसच्या विजयकमानीची धाकटी बहीण, समोर रुंद सरळ हमरस्ता. प्रवासी मनात म्हणतो, काय ती वसाहतीची शान. प्रत्यक्षात लाओसला १९५३ मध्ये पूर्ण स्वातंत्र्य मिळालं, आणि ही कमान १९५७ ते १९६८ या काळात बांधली गेली, फ्रेंचांविरुद्ध लढून मेलेल्यांच्याही स्मरणार्थ. सिमेंट अमेरिकेनं विमानतळासाठी दिलेलं होतं असं सांगतात, त्यामुळे तिला 'उभी धावपट्टी' असं टोपणनाव पडलं. कमानीवरच्या माहितीफलकानं तर कमाल केली होती. जवळून पाहिल्यास ही वास्तू काँक्रीटच्या राक्षसासारखी दिसते, असं त्यावर बरीच वर्षं लिहिलेलं होतं. स्वतःच्या स्मारकाबद्दल इतकं प्रामाणिक सरकार विरळाच.

त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला राष्ट्रपती भवन आहे. खांब, सज्जे, लोखंडी फाटक, सगळं पाहून वाटतं की इथे गव्हर्नर राहत असणार. पण ही इमारत १९७३ मध्ये सुरू झाली आणि १९८० च्या दशकात पुरी झाली, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीत. आराखडा लाओ वास्तुकाराचा.

आणि जे अस्सल लाओ, अगदी राष्ट्रचिन्हावर असलेलं, तो सोनेरी थात लुआंग स्तूप? मूळ बांधकाम १५६६ चं, पण एकोणिसाव्या शतकात तो लुटारूंनी फोडला. आज दिसतो तो फ्रेंचांनी १९३० च्या दशकात पुन्हा बांधलेला. आधी एकदा केलेली दुरुस्ती बिघडली होती, म्हणून दुसऱ्या वेळी त्यांनी लाग्रेच्या मोहिमेतल्या चित्रकारानं काढलेली जुनी रेखाटनं आधाराला घेतली. राष्ट्रपती भवनाजवळचं हो प्रा केव हे मंदिरही असंच १९३६ ते १९४२ या काळात नव्यानं उभं राहिलं. त्यावर देखरेख होती पॅरिसमध्ये शिकलेल्या एका लाओ राजपुत्र-इंजिनिअरची. तो सुवन्ना फुमा, पुढे देशाचा पंतप्रधान झाला.

म्हणजे लाओ दिसतं ते फ्रेंचांनी बांधलं, फ्रेंच दिसतं ते लाओंनी. हे एकदा कळलं की शहर बघण्याची मजा वाढते, आणि पत्रकातल्या 'वसाहतकालीन मोहिनी' वगैरे शब्दांवर किती विश्वास ठेवायचा तेही समजतं.

नदीकाठच्या बागेत अनुवोंगचा भलामोठा पुतळा आहे, २०१० मध्ये शहराच्या राजधानीपणाला ४५० वर्षं झाली तेव्हा बसवलेला. त्याचं तोंड नदीकडे, एक हात पुढे केलेला. तो हात निरोपाचा, आशीर्वादाचा की इशाऱ्याचा, ते बघणाऱ्यानं ठरवायचं. पलीकडच्या काठावरच्यांनी आपापल्या परीनं ठरवलेलंच आहे.

चार तोंडांचं शहर

नॉम पेनचं जुनं नाव 'चाक्तोमुक'. मराठी माणसाला दोनदा वाचायची गरज पडू नये: चतुर्मुख. राजवाड्यासमोर उभं राहिलं की पाण्याचे चार हात दिसतात. वरून येणारी मेकाँग, वायव्येकडून येणारी तोन्ले साप, आणि दक्षिणेकडे फुटणाऱ्या दोन धारा, खालची मेकाँग आणि बासाक. सांगतात की १३७२ मध्ये पेन नावाच्या एका बाईला पुरात वाहून आलेल्या झाडाच्या खोडात चार बुद्धमूर्ती सापडल्या. तिनं टेकाड रचून त्यावर देऊळ बांधलं. 'प्नोम' म्हणजे टेकडी, म्हणून पेनबाईची टेकडी. टेकडी रचावी लागली हाच मुद्दा लक्षात ठेवा, कारण या शहरात उंच जागा निसर्गानं दिलेलीच नाही.

पुराची नदी काठ ओलांडते तेव्हा पाण्याचा वेग एकदम कमी होतो आणि त्यातला जड गाळ लगेच काठावरच बसतो. हजारो वर्षं हे चाललं की काठ उंच होतो आणि त्याच्या मागची जमीन खोलगट राहते. त्यामुळे नदीकाठच उंच आणि कोरडा, मागे दलदल आणि तळी. नोरोदोमनं १८६६ मध्ये उदोंग या जुन्या राजधानीहून दरबार इथे आणला तेव्हा नॉम पेन म्हणजे काठाच्या उंचवट्यावरची एक लांबलचक ओळ होती. बांबूची घरं, चिनी दुकानं, बोटी. मागे वळलं की पाणी.

आता या ओळीचं शहर करायचं तर ते मागे सरकायला हवं, आणि मागे सरकायला जमीन हवी. १८९० च्या दशकात कंबोडियातला फ्रेंचांचा मुख्य अधिकारी ('रेसिदाँ') ह्विन द व्हेर्नव्हिल यानं ती बनवायला घेतली. कालवे खणले, निघालेली माती शेजारच्या खोलगट भागात ओतली. एका दगडात तीन पक्षी: पाण्याचा निचरा झाला, जमीन उंचावली, आणि वस्त्या वेगळ्या करता आल्या. टेकडीभोवती युरोपीय मोहल्ला, त्याभोवती कालवा, कालव्याच्या दक्षिणेला चिनी बाजार, त्यापुढे राजवाड्याजवळ ख्मेर, म्हणजे मूळ कंबोडियन लोकांची वस्ती, उत्तरेला व्हिएतनामी ख्रिस्ती. कालवा गटाराचं काम करत होता आणि खंदकाचंही. पुढे डासांना आणि घाणीला कंटाळून तो बुजवला. आज १०६ आणि १०८ क्रमांकांच्या रस्त्यांच्या मधे जी लांबट बाग दिसते, तिच्या खाली तो आहे. हातगाडीवरचा उसाचा रस पीत बागेत बसलेल्या माणसाच्या पायाखाली एका वर्णव्यवस्थेची हद्द पुरलेली आहे.

त्यानंतर शहर बांध घालत पश्चिमेकडे सरकलं. एक बांध घालायचा, आतलं पाणी काढायचं, भराव टाकायचा, वस्ती करायची. जागा पुरेनाशी झाली की आणखी बाहेर दुसरा बांध. बांधाचा माथा रुंद आणि कोरडा असतो, म्हणून त्यावरून रस्ता. नोरोदोम बुलेव्हार्ड, त्याच्या पश्चिमेला मोनिवोंग बुलेव्हार्ड, असे हे रस्ते आपण सौंदर्यदृष्टीचं फळ समजतो. मुळात ते पुराशी केलेल्या झटापटीच्या रेषा आहेत. मुंबईकरांना भराव हा शब्द समजावून सांगायला नकोच. फरक इतकाच की मुंबईनं समुद्र मागे हटवला, नॉम पेननं तळी गिळली.

१९३७ मध्ये उघडलेला 'प्सार थ्मेई', म्हणजे नवा बाजार, अशाच एका तळ्याच्या जागी उभा आहे. 'प्सार' आणि आपला 'बाजार' हे दूरचे भाऊ, दोघंही फारसीतून निघालेले. पायऱ्यापायऱ्यांचा प्रचंड पिवळा घुमट आणि त्यातून चार दिशांना गेलेले चार हात. घुमटाच्या प्रत्येक पायरीत जाळीच्या फटी आहेत. गरम हवा वर चढून तिथून निसटते आणि खालून, चारही हातांतून, नवी हवा ओढली जाते. भर एप्रिलच्या दुपारी बाहेरून आत पाऊल टाका, म्हणजे पंख्याशिवायचं वास्तुशास्त्र अंगाला कळतं. फ्रेंच घरांचंही हेच: उंच छत, जोतं वर उचललेलं, चारी बाजूंनी व्हरांडा, खिडक्यांना तिरप्या पट्ट्यांच्या झडपा, म्हणजे ऊन-पाऊस बाहेर आणि वारा आत. यातल्या निम्म्या युक्त्या खांबांवर उभ्या असलेल्या ख्मेर घरांत आधीपासून होत्या.

नॉम पेनमध्येही दिसण्याचा आणि असण्याचा तोच लपंडाव आहे. लाल रंगाचं, मंदिराच्या शिखरांचं राष्ट्रीय संग्रहालय १९२० मध्ये उघडलं. ते आखलं जॉर्ज ग्रोलिए या नॉम पेनमध्येच जन्मलेल्या फ्रेंच माणसानं. शेजारच्या राजवाड्याच्या आवारात मात्र एक लोखंडी फ्रेंच मंडप आहे. १८६९ मध्ये सुएझ कालव्याच्या उद्घाटनाला फ्रान्सच्या सम्राज्ञीसाठी उभारलेला, नंतर सुटा करून नोरोदोमला भेट दिलेला. आणि फ्रेंचांपासून मिळालेल्या स्वातंत्र्याचं स्मारक, अंकोरच्या शिखरासारखं दिसणारं, १९५८ चं, आखलं वान मोलिवान या ख्मेर वास्तुकारानं, जो शिकला होता पॅरिसमध्ये. टपाल कार्यालयाच्या चौकातल्या जुन्या इमारती बघताना आणखी एक गोष्ट आठवावी. १९२३ मध्ये बांतेय स्रेईच्या देवळातली शिल्पं करवतीनं कापून नेणारा एक फ्रेंच तरुण या शहरात पकडला गेला, खटला चालला, आणि पुढे तोच गृहस्थ फ्रान्सचा संस्कृतीमंत्री झाला.

एप्रिल १९७५ मध्ये ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्टांनी हे सगळं शहर रिकामं केलं, जवळजवळ चार वर्षं. तुओल स्लेंग हा त्यांचा छळतुरुंग, आता संग्रहालय, बघायला जरूर जा, पण वेगळा दिवस काढून. बाजार आणि कमानींच्या यादीत बसवायची ती जागा नव्हे.

तळी गिळण्याचं काम फ्रेंचांबरोबर संपलं नाही. शहरातलं मोठं बोएंग काक तळं २००८ पासून नदीची वाळू ओतून बुजवलं गेलं आणि हजारो कुटुंबं उठवली गेली. पावसाचं पाणी पूर्वी तळ्यात जायचं, आता रस्त्यात थांबतं. पद्धत जुनीच, पंप नवे.

पाठ फिरवलेलं शहर

हनोईबद्दल थोडक्यात. 'हा' म्हणजे नदी, 'नोई' म्हणजे आत, नदीच्या आतलं शहर. तरी तिथे दोन दिवस राहूनही पुष्कळांना तांबडी नदी दिसतच नाही, कारण मधे बांध आहे. पुरात नदीची पातळी शहराच्या रस्त्यांच्या वर जाते, म्हणून शहरानं शतकानुशतकं बांध उंच करत नदीकडे पाठ केली. फ्रेंचांनी तो बांध मोडला नाही, त्यावरून पूल नेला. १९०२ मध्ये उघडलेला लाँग बिएन पूल, आधीचं नाव दूमेर पूल, गव्हर्नर-जनरलच्या नावावरून. अमेरिकी बाँबनी तोडलेले त्याचे काही कमानीदार भाग पुन्हा तसे बांधले गेले नाहीत, म्हणून त्याची रेषा मधेच दात पडल्यासारखी दिसते. पुलावरून मधल्या बेटावर जिने उतरतात. खाली केळीच्या बागा आहेत.

त्याच १९०२ मधली आणखी एक गोष्ट. फ्रेंच मोहल्ल्यासाठी जमिनीखाली आधुनिक गटारं बांधली, आणि त्यांत उंदरांनी राज्य मांडलं. प्लेगची भीती म्हणून सरकारनं मारलेल्या प्रत्येक उंदराच्या शेपटीमागे बक्षीस लावलं. लवकरच शहरात बिनशेपटीचे जिवंत उंदीर फिरताना दिसू लागले, आणि बाहेरच्या गावांत उंदीर पाळायचा धंदा सुरू झाला.

पोटाचं आणि हवेचं

कंबोडियात पावाला 'नोम पांग' म्हणतात. 'पांग' फ्रेंच 'पँ'वरून आलेला. आपला 'पाव' पोर्तुगीज 'पाँव'वरून, गोव्याच्या वाटेनं. म्हणजे वडापावातला पाव आणि नॉम पेनच्या फुटपाथवरचा पांग एकाच लॅटिन आजीची नातवंडं. कॉफीत घट्ट गोड डब्यातलं दूध घालतात, कारण ही दुभत्या जनावरांची संस्कृती नव्हे आणि उकाड्यात ताजं दूध टिकवणार कसं? हळूहळू तीच चव झाली.

शाकाहारी मंडळींनी सावध राहावं. भाजीत 'मांस नको' सांगितलं तरी मासळीचा अर्क पडतोच. लाओसमध्ये 'पादेक', कंबोडियात 'प्राहोक', ही आंबवलेली मासळी म्हणजे तिथलं मीठ-तिखट आहे. सुक्या बोंबलाचा वास ज्यांना घरचा वाटतो त्यांना अडचण नाही. बाकीच्यांनी विहाराजवळची शाकाहारी खानावळ शोधावी, किंवा 'मासळीचं पाणीही नको' हे वाक्य तिथल्या लिपीत लिहून खिशात ठेवावं.

जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मार्चनंतर उकाडा, त्यात व्हिएन्तियानला शेतं-रानं जाळल्याचा धूर. एप्रिलच्या मध्याला नववर्ष, सूर्याच्या मेष संक्रांतीला धरून. तेव्हा रस्त्यात पाण्यानं भिजायची तयारी असेल तरच जा. व्हिएन्तियानजवळचा, थायलंडला जोडणारा मैत्री पूल १९९४ चा, आणि डिसेंबर २०२१ पासून व्हिएन्तियानहून चीनच्या सीमेपर्यंत रेल्वे धावते. युनानला मागच्या दारानं पोचायचं ते फ्रेंचांचं स्वप्न असं पुरं झालं, फक्त उलट्या दिशेनं आणि चिनी रुळांवरून.

राहिली प्राहोकची मासळी येते कुठून ही गोष्ट. तोन्ले साप ही नदी वर्षातून दोनदा दिशा बदलते. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की तिचं पाणी नॉम पेनजवळ तोन्ले सापमध्ये शिरून उलटं, वर, शंभरेक किलोमीटरवरच्या मोठ्या सरोवरात जातं. उन्हाळ्यात सुमारे २,५०० चौरस किलोमीटर असलेलं ते सरोवर तेव्हा दहा ते पंधरा हजार चौरस किलोमीटर होतं. आजूबाजूची रानं पाण्याखाली जातात आणि झाडांच्या मुळांत, फांद्यांत मासे वाढतात. पाऊस सरला, मेकाँग उतरली की तेच पाणी, माशांसकट, परत शहराकडे धावतं. कंबोडियाच्या ताटातली मासळी मुख्यतः या श्वासावर जगते. अलीकडे वरच्या अंगाला झालेल्या धरणांमुळे आणि कमी पावसामुळे हा श्वास काही वर्षं उशिरा आणि अपुरा आला, २०१९ आणि २०२० मध्ये तर फारच.

पाणी परतीला लागल्याचा सण म्हणजे 'बोन ओम तूक'. ख्मेर पंचांगात तो 'कादक' महिन्याच्या पौर्णिमेला येतो. कादक म्हणजे कार्तिक. आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळा पेटतात तेव्हा तिकडे राजवाड्यासमोर लांब होड्यांच्या शर्यती चालू असतात आणि रात्री दिव्यांनी सजवलेल्या नौका निघतात. २०१० च्या उत्सवात एका पुलावर चेंगराचेंगरी होऊन साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली, त्यानंतर मधली काही वर्षं सण झालाच नाही. आता पुन्हा होतो.

गर्दी नको असेल तर एक साधा प्रयोग करता येतो. राजवाड्यासमोरच्या धक्क्यावर उतरून पाण्यात एक पान सोडा. सप्टेंबरात ते उत्तरेला, सरोवराकडे जाईल. डिसेंबरात दक्षिणेला, समुद्राकडे.